बाजारभाव नसलेली तेरो

अकरा ऑक्टोबरला सकाळी सव्वादहा वाजता पासो देल सेइबो गावात एवारिस्तो बेंतांकोर यांची १९६२ सालची हिरवी तेरो मोटार उभ्या जागी निकामी झाली. ती पेट्रोल पंपासमोरच्या उतारावर उभी होती. तिच्या वरच्या अंगाला मेंढ्यांनी भरलेला ट्रक होता आणि त्याचा ड्रायव्हर येर्बाच्या, म्हणजे तिथल्या कडू चहाच्या, थर्मॉसात गरम पाणी घ्यायला उतरला होता. थर्मॉस भरला आणि ट्रक निघाला. ड्रायव्हर मात्र अजून खालीच होता. मेंढ्या सुखरूप राहिल्या. ट्रकचा सक्तीचा विमा माणसांच्या इजेपुरताच होता. तेरोत त्या वेळी कोणी बसलेलं नव्हतं, याबद्दल गावाने देवाचे आभार मानले. ट्रकच्या विमा कंपनीनेही मानले.

बेंतांकोर हे भूमितीचे निवृत्त शिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणतं. त्यांचा स्वतःचा सर्वंकष विमा होता आणि अकरा वर्षं ते दुर्मिळ वाहनाच्या चढ्या दराने हप्ता भरत आले होते. दुर्मिळपणाबद्दल वाद नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला एका शेडमध्ये अशा चौदा गाड्या बनल्या आणि मग शेड बंद पडली. तेरा गाड्या भंगारात गेल्या. त्यांतल्या एकीत कोंबड्या राहत असत, पुढे त्याही राहिल्या नाहीत. उरली ती मास्तरांची.

त्या शेडमध्ये पत्रा ठोकणाऱ्यांपैकीही एकच उरला होता. ओविदिओ सिल्व्हेइरा, वय चौऱ्याऐंशी. त्याने येऊन चेपलेल्या मडगार्डवरून तळवा फिरवला.

"होईल," तो म्हणाला. "साचा कागदावर नाही, माझ्या मनगटात आहे. पण मास्तर, हात अजून दोन वर्षं चालतील. तिसऱ्याची हमी मी देत नाही. तुम्ही पत्रा आणा."

पत्रा, इंजिनाचं ओतकाम आणि मजुरी मिळून अठरा हजार डॉलर होत होते. मास्तरांनी तेवढ्याचा दावा दाखल केला.

कंपनीच्या मूल्यमापक ग्रासिएला ओतेगी या मास्तरांच्याच विद्यार्थिनी निघाल्या. त्यांनी उठून खुर्ची दिली, येर्बा दिला आणि नियम वाचून दाखवला: गेल्या वर्षभरात विकल्या गेलेल्या तीन सारख्या वाहनांच्या किमतीची सरासरी, तोच बाजारभाव. मास्तरांनी सांगितलं की सारखं वाहन जगात नाही. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

"म्हणजे वर्षभरात किती विकल्या गेल्या, सर?"

"एकही नाही."

"विक्री नाही, म्हणजे बाजार नाही. बाजार नाही, म्हणजे भाव नाही. नसलेला भाव उतरू शकत नाही. आणि नुकसान म्हणजे भावात झालेली घट." बाईंनी पान उलटलं. "म्हणून नुकसान नाही. कुठे पायरी गाळलीय का मी?"

मास्तरांनी कागद दोनदा तपासला. अडतीस वर्षांत इतकी स्वच्छ मांडणी फार थोड्यांनी केली होती.

"नाही," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी."

नुकसान झालेलं नाही हे एकदा सिद्ध झाल्यावर पुढचं ओघानेच आलं. नोव्हेंबरात पुढच्या तिमाहीचा हप्ता मागणारं पत्र आलं. वर्षभरात एकही अपघात न केल्याबद्दल त्यात पाच टक्के सवलत होती. गाडी तेव्हा मास्तरांच्या अंगणात ताडपत्रीखाली दोन ढिगांत पडलेली होती.

अपिलात एक वाट होती. जाणकार संस्थेच्या तीन सभासदांनी लेखी द्यावं की या भागात जुन्या गाड्यांना किंमत येते. मग कंपनी त्या आधारे भाव ठरवील. गावात जुन्या मोटारींचा क्लब होता. मास्तर धरून सभासद सत्तेचाळीस आणि अध्यक्ष वॉशिंग्टन लारोसा, दातांचे डॉक्टर. मास्तर रविवारी क्लबच्या अंगणात गेले. निखाऱ्यांवर बरगड्या भाजत होत्या. पहिल्या बाटलीला तेरोची किंमत वीस हजार होती, तिसरीला ती पस्तिसावर गेली आणि दोघांनी डोळे पुसले. मग मास्तरांनी खिशातून कागद काढला आणि सगळ्यांचं लक्ष एकदम बरगड्यांकडे गेलं.

कारण असं होतं. त्या नगरपालिकेत दर जानेवारीला जुन्या गाडीचा मालक प्रतिज्ञापत्र देतो की सदर वाहनाला कोणतंही व्यापारी मूल्य नाही, ते केवळ जिव्हाळ्यापोटी बाळगलेलं आहे. त्यावर वाहनकर माफ होतो. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस गाड्या अशा निव्वळ जिव्हाळ्याच्या होत्या.

वॉशिंग्टनने मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, रक्त मागा, देतो. सही मागू नका."

"तुझी गाडी चाळीस हजारांची आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला असू दे. नगरपालिकेलाही आहे, खिडकीवर माझा मेव्हणाच बसतो. पण त्याला ते तोंडी माहीत आहे. लेखी माहीत झालं की तो बिचारा काय करील?"

मास्तर कागद कोराच घेऊन परतले. मात्र ग्रासिएलाबाई कर्तव्याला चुकणाऱ्या नव्हत्या. आपल्या सरांचं अपील पुराव्याअभावी पडू नये म्हणून त्या स्वतः नगरपालिकेच्या दप्तरात दोन दिवस बसल्या आणि पुरावा मिळवूनच उठल्या. बावीस वर्षांची बावीस प्रतिज्ञापत्रं होती. फळ्यावरच्यासारखं ठसठशीत अक्षर, खाली पल्लेदार सही, आणि मूल्याच्या रकान्यात शून्य.

आता भाव सापडला होता. कंपनीने आनंदाने कळवलं की वाहनाची किंमत खुद्द मालकाने शपथेवर निश्चित केलेली असल्याने दावा पूर्णपणे मंजूर करण्यात येत आहे. देय रक्कम शून्य. पोच म्हणून सही करावी.

"माझ्याविरुद्धचा पुरावा शोधायला तू एवढी धूळ खाल्लीस?" मास्तरांनी विचारलं.

बाई खरोखरच दुखावल्या. "तुम्हीच सांगायचात ना, सर? उत्तर सापडत नसेल तर दिलेली माहिती पुन्हा वाचा."

घरी नेलिदाबाईंनी पत्र वाचून नवऱ्याच्या हातात दिलं. "बावीस वर्षं कर वाचवलास ना, तो काढ आता. बघू किती मडगार्डं येतात त्यात." मास्तरांनी हिशेब केला. अर्धं आलं.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी ते नगरपालिकेच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. मागे क्लबचे सेहेचाळीस सभासद होते. मास्तरांनी मूल्याच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि त्यांना जरा हलकं वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं.

वॉशिंग्टनच्या मेव्हण्याने अर्ज परत सरकवला. "मास्तर, हे घेता येणार नाही. ऑक्टोबरात तुम्ही विमा कंपनीला अठरा हजार डॉलर लिहून दिलेत. बाई दप्तर पाहायला आल्या तेव्हा प्रत जोडून गेल्या. आता अठरा हजारांवर कर. आणि मागच्या बावीस वर्षांचा फरक."

"पण कंपनीने शून्य ठरवलंय."

"कंपनी काय ठरवते ते आम्ही पाहत नाही. आम्ही नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवतो."

"कंपनीनेही माझ्याच शब्दावर ठेवला."

"बघा," मेव्हणा म्हणाला, "दोन्हीकडे तुमचीच सही चालते. एवढी पत गावात कोणाची आहे?"

मास्तर बाजूला झाले. त्यांच्या मागे ओविदिओ होता, एकावन्न सालच्या पिकअपचा अर्ज घेऊन. पत्रा कधी येतोय हे त्याने विचारलं नाही. दोन वर्षांपैकी तीन महिने संपले होते. त्याचं शून्य जरा वाकडं आलं, पण आलं. त्याच्यामागे वॉशिंग्टन होता. त्याने जे घडलं ते सगळं ऐकलं होतं, मागच्यांना सांगितलंही होतं. हळहळ शेवटपर्यंत पोचली. रांगेतून कोणी बाहेर पडलं नाही.

खिडकीवर पाटी आहे: रांग मोडू नये, माहिती खरी भरावी, पेन आपापलं आणावं. वॉशिंग्टनने पेन आणलं नव्हतं. त्याने मास्तरांचंच मागून घेतलं, सही केली आणि ते मागच्याकडे दिलं. तिथून ते हातोहात मागे चाललं आहे. आपला नंबर येईतो त्यात शाई उरेलच असं नाही; आपण आपलं पेन सोबत ठेवलेलं बरं.