हयात असलेले कैलासवासी

मारुतीअण्णा कासारांच्या दुकानात मी पहिल्यांदा पाणी प्यालो ते त्यांच्याच स्मरणार्थ. तांब्यावर ठसठशीत अक्षरं कोरलेली होती : 'कै. मारुती विठोबा कासार यांचे स्मरणार्थ'.

"हे कोण हो गेले?" मी हळहळून विचारलं.

समोरच्या मिशाळ गृहस्थांनी तांब्या माझ्या हातात दिला. "मीच. अजून जायचोय. पी तू."

भांड्यांवर नावं घालण्यात नगरच्या बाजारात अण्णांसारखा हात दुसऱ्याचा नव्हता. लग्नाची भांडी, बारशाची भांडी, गेलेल्या माणसाच्या नावानं द्यायची भांडी, सगळी त्यांच्या छिन्नीखालून जात. स्वतःचा तांब्या त्यांनी आगाऊच कोरून ठेवला होता. अक्षरांखाली एका ओळीची जागा कोरी होती. ती मृत्यूच्या तिथीसाठी असणार, हे मी ताबडतोब ओळखलं. त्या दिवसांत मला सगळंच ताबडतोब कळायचं.

लढाई चालू होती, पितळ मिळेनासं झालं होतं आणि माझं वय बावीस होतं. 'वारसा ही चोरी आहे' हे माझं पत्रक नुकतंच बाहेर पडलं होतं. त्याचा सगळ्यात मोठा गठ्ठा अण्णांनी उचलला. मी भारावून गेलो. पुढे समजलं की पोचे पडू नयेत म्हणून गाडीनं जाणाऱ्या तांब्यांच्या पोटात ते माझे विचार कोंबत होते. "कागद लई दमदार हाय," असा अभिप्राय मात्र त्यांनी मनापासून दिला.

अण्णांना एकच नाद होता. भेटेल त्याला ते मृत्युपत्र करायला सांगत. "हात थरथरायच्या आत लिहून टाक," हे त्यांचं पालुपद. लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या नवऱ्या मुलालाही त्यांनी सोडलं नाही. हंडा दाखवता दाखवता विचारलं, "मृत्युपत्र केलंस का?" मुलीचा बाप हंडा तिथंच ठेवून वऱ्हाडासकट समोरच्या दुकानात गेला.

"गेलं गिऱ्हाईक!" मागच्या पडवीतून आवाज आला. हे करीमचाचा, कल्हईवाले. पोरवयापासून त्यांची भट्टी अण्णांच्या पडवीत होती. घरचं कोणी उरलं नव्हतं. ते भट्टीशेजारीच निजत आणि उठल्यापासून अण्णांशी भांडत.

"तू नवसागराचा धूर कमी कर, करम्या. गिऱ्हाईक त्यानं पळतंय."

"धुरानं न्हाई, तुज्या तोंडानं पळतंय, मारत्या."

तो 'कै.' तांब्या चाचांनी कधी कल्हईला घेतला नाही. "जित्या मानसाचं मढं मी उजळनार न्हाई," म्हणत. त्यामुळे दुकानातली सगळी भांडी आतून चकाकत आणि अण्णांचा तांब्या तेवढा काळवंडलेला.

एकदा चौकात माझं भाषण झालं. देशासाठी प्राण देईन, असं मी तीन वेळा गरजलो. खाली उतरलो तो अण्णा पुढ्यात उभे.

"प्राण दे. माजी ना न्हाई. पन सायकल कुनाला?"

"कसली सायकल?"

"तुजीच की. तू गेल्यावर चुलते भांडतील, पोलीस नेतील, न्हाईतर गंजंल. लिहून टाक."

सायकलीचा प्रश्न माझ्या तत्त्वज्ञानात कुठं बसेना. मी घरी गेलो आणि चीड आली म्हणून आणखी एक पत्रक लिहिलं.

पुढच्या आठवड्यात अण्णा स्वतःचंच मृत्युपत्र घेऊन आले. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी छाती काढून सांगितलं, "खाजगी मालमत्तेच्या कागदावर मी सही करत नाही."

"म्हातारा साक्षीदार घेतला आन् तो माज्याआधी गेला, तर माजी सही वळखनार कोन? तरनं पोर पायजे. त्यात तू शिकलेला."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, अण्णा."

अण्णा पायरीवर टेकले. त्यांनी एका बड्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. "कागद उद्या करू, उद्या करू म्हनत ऱ्हायला. शेवटी शुद्ध गेली तवा चौघांनी अंगठा धरून कागदावर टेकवला. अंगठा त्याचा, मर्जी चौघांची. मी भांडी मोजायला गेल्तो, डोळ्यांनी बघितलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुकान पुतन्याला जाईल. मला ना बायको राह्यली, ना पोर. त्याचं काय न्हाई. पन पडवी? करम्या माजा कायद्यानं कोन लागतो, सांग."

मी कायद्यात शोधलं, मग तत्त्वज्ञानात शोधलं. दोन्हीकडे चाचांना जागा नव्हती. कागदात होती : हयात असेतो करीमनं पडवीत राहावं, भट्टी लावावी, कोणी उठवू नये. मी सही केली. वर तोरा म्हणून बजावलं, "फक्त पडवीपुरती."

अण्णा दोन वर्षांनी गेले, तेही हातोडी हातात असताना. हात थरथरायची वेळ आलीच नाही. पुतण्या पुण्याहून आला आणि पहिल्याच दिवशी त्यानं चाचांची भट्टी रस्त्यावर मांडली. मृत्युपत्र खोटं आहे म्हणाला. प्रकरण कोर्टात गेलं.

कोर्टात उभं राहण्याची मी किती तयारी केली होती! राजद्रोहाच्या खटल्यासाठी भाषण पाठ होतं. उभा राहिलो तो एका पडवीसाठी. वकिलानं एक चुरगळलेला कागद सरळ केला. पुतण्याच्या घरच्या कुठल्याशा तांब्यातून निघालेलं माझंच पत्रक.

"'वारसा ही चोरी आहे' असं लिहिणारे आपणच?"

"होय."

"आणि आज चोरीला साक्ष द्यायला आलात?"

कोर्ट खदखदून हसलं. "होय," मी म्हणालो. "अण्णांनी ही सही माझ्यासमोर केली. शुद्धीत केली. त्यांचा हात थरथरत नव्हता."

चाचांना पडवी मिळाली. आठवड्यानं त्यांनी मला बोलावलं. पुढ्यात तो 'कै.' तांब्या होता, आतून चांदीसारखा उजळलेला.

"माजं नाव घाल," ते म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी अक्षरांखालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मी मांडणीवरच्या तसल्या दुसऱ्या भांड्यांकडे बघितलं. प्रत्येकावर त्या जागी देणाऱ्याचं नाव होतं. 'मुलगा गणपत याजकडून.' 'नातू शंकर याजकडून.' तिथी एकावरही नव्हती.

"दुसऱ्या कासाराकडून घालून आणतो," मी कसाबसा म्हणालो.

"न्हाई. कागदावर सही तू केलीस न्हवं? मग हेबी तूच कर."

अण्णांची छिन्नी मी हातात घेतली. हात असा थरथरत होता की 'करीमकडून' एवढी सहा अक्षरं घालायला मला दुपार लागली. 'र' आडवा झाला. 'ड' घसरत तांब्याच्या बुडाकडे गेला. माझी सगळी पत्रकं रद्दीत गेली. हे लिखाण तेवढं टिकलं.

चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला. मग उठले, रांजणातून तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पी तू."