बाटली क्रमांक ४१७चा बाष्पदाब

एखादा पदार्थ सुरक्षित आहे की नाही, हे त्या पदार्थाच्या वागण्यावरून ठरत नाही. त्यासाठी अहवाल लागतो. उदारीकरणानंतर देशात परदेशी ग्राहक आले आणि त्यांच्या पाठोपाठ अहवालांची मागणी आली. ती भागवायला वाघोलीत नगर रस्त्यावर जी प्रयोगशाळा निघाली, तिथे मी वरिष्ठ रसायनतज्ज्ञ होतो. (वरिष्ठ अशासाठी, की कनिष्ठ सगळे सोडून गेले होते.)

माझं काम द्रवांचा बाष्पदाब मोजण्याचं. बाष्पदाब म्हणजे द्रवाला हवेत मिसळायची किती घाई आहे, याचा आकडा. घाई फार असेल तर त्या खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा लागतो. नसेल तर माणसं आहेत तशी बसू शकतात.

बाटली क्रमांक ४१७ दोन हजार सालच्या जूनमध्ये आली. पुस्तकबांधणीच्या एका नव्या गोंदात घालायचा द्रव. मोजायचं यंत्र जर्मनीचं, सोबतची पुस्तिकाही जर्मन. ती वाचता यावी म्हणून आमच्या चेतनने दोन वर्षं संध्याकाळचा जर्मनचा क्लास केला. पुस्तिका पुरती समजली त्याच आठवड्यात हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने, जर्मन येतं म्हणून, त्याला उचललं. (रसायनशास्त्र येतं का, असं त्यांनी विचारलं नाही.) आम्ही यंत्रावर फुलाफुलांची चादर घातली आणि बाटली नमुन्यांच्या खोलीत ठेवली.

ही खोली आठ बाय दहाची. खडी क्रशरची धूळ नमुन्यांवर बसू नये म्हणून खिडकी चिकटपट्टीने कायमची बंद. आत नमुने सांभाळायला दिवसभर नंदाताई. ज्या वावरावर प्रयोगशाळा उभी होती ते त्यांच्या सासऱ्यांचं; त्यामुळे त्यांना नोकरी दिली होती.

आमच्या दर्जा-नियमावलीत एक कलम होतं: दर सोमवारी प्रत्येक बाटलीचं झाकण उघडून नमुना जागेवर असल्याची खात्री करावी, झाकण लावावं, सही करावी. हे कलम मीच लिहिलं होतं आणि दर्जा तपासायला आलेल्या मंडळींनी त्याची तारीफ केली होती. रकाना एकच, ‘नमुना: आहे / नाही’. झाकण नंदाताई उघडत-लावत; मला बाटली समोर दिसत होती. मी ‘आहे’वर खूण करत गेलो. सोमवार एकतीस, खुणा एकतीस.

नंदाताई मात्र बाटली ट्यूबलाइटसमोर धरून लेबलावर पेन्सिलीने रेघ ओढत. घरी रॉकेलच्या बाटलीवर ओढतात तशी.

“सर, झाकणाचे आटे गेलेत. दर सोमवारी रेघ खाली येतीया,” त्या म्हणाल्या. “अन् माझं डोकं लई चढतंय. एक पंखा बसवा की.”

मी त्यांना समजावलं, की डोकेदुखी हे मान्य एकक नाही आणि नाकाला कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र नसतं. लेखी अर्ज द्या. त्यांनी दिला. आमचे व्यवस्थापक इंद्रजीत यांनी त्यावर शेरा मारला: ‘४१७चा बाष्पदाब आल्यावर विचार करू.’ त्यानंतर नंदाताईंना दोनदा चक्कर आली. (अर्जात चक्करेचा उल्लेख नव्हता, म्हणून ती धरली नाही.)

जानेवारीत इंद्रजीत आले. “सर, फ्रायडेला रिपोर्ट गेलाच पाहिजे. क्लायंट डायरेक्ट एमडींना मेल टाकतोय.”

मी शब्दकोश घेऊन बसलो, चादर काढली, बाटली उघडली. आत थेंबही नव्हता. लेबलावर एकतीस रेघा, शेवटची तळाला टेकलेली.

नमुना नाही असं लिहावं, तर माझ्या खुणा खोट्या ठरत होत्या. मी पद्धतीप्रमाणे बाटली यंत्राला जोडली. यंत्राने शून्य दाखवलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा शून्य, सरासरी शून्य. इतका एकमुखी निकाल माझ्या उभ्या नोकरीत दुसरा नाही. अहवालात मी एकही खोटा आकडा लिहिला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. निष्कर्ष: हा द्रव हवेत जात नाही, पंख्याची आवश्यकता नाही.

त्याची एक प्रत नंदाताईंच्या अर्जाला टाचून अर्ज निकाली काढला गेला.

“हवेत जात न्हाई म्हनता,” नंदाताईंनी विचारलं, “मग बाटलीतलं गेलं कुठं, सर?”

फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. मला लाज वाटली. चांगली चहाच्या वेळेपर्यंत वाटत होती. मग लेबलावर अनधिकृत रेघा ओढल्याबद्दल त्यांना मेमो द्यायचा होता, तो मी दिला. महिनाअखेर त्या नोकरी सोडून गेल्या.

दोन वर्षांनी माझं पहिलं पुस्तक निघालं. बांधणी बघायला मी कसबा पेठेत गेलो. मालक रामदास यांनी कौतुकाने वरचा पोटमाळा दाखवला. खिडकी नाही. भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद, खाली माझी सही.

“पंख्याची भानगड नाही याला,” रामदास म्हणाले. “सायंटिफिक आहे.”

गोंदाच्या डब्याशी नंदाताई बसल्या होत्या. डब्यावर पेन्सिलीच्या रेघा.

“तुमचंच पुस्तक व्हय, सर?” त्या म्हणाल्या. “मग नीट चिकटवते.”

तो माझा अहवाल आहे आणि तो खोटा आहे, एवढंच रामदासांना सांगायचं होतं. मला ते जमलं नाही. त्याऐवजी मी एक चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घालायला लावली: ‘हे पुस्तक बांधणाऱ्या बाईंच्या खोलीत पंखा नाही. पुस्तकाला वास येत असल्यास कळवावे.’ चिठ्ठ्या नंदाताईंनीच घातल्या.

हजार प्रती खपल्या. वाचकांची अकरा पत्रं आली. अकराही जणांनी पुस्तक उघडून आधी नाकाशी नेलं होतं आणि नव्या कोऱ्या पुस्तकाचा वास फार आवडल्याचं आवर्जून लिहिलं होतं. पंख्याबद्दल विचारणारी पत्रं शून्य. मी तीनदा मोजली.

आपल्या हातातली प्रत दुसऱ्या आवृत्तीची आहे. बांधणी तिथलीच, बाई त्याच. चिठ्ठी याही वेळी घातली आहे. (कागद जरा जाड घेतलाय, वाचता वाचता उठावं लागलं तर खुणेला बरा पडतो.)