ऐच्छिक खुशी

एका जंगलात, जिथं पाट्या लावण्याइतकी सुधारणा अजून झाली नव्हती, कोंडाबाई नावाची अस्वलीण राहायची. नीट बसा रे बाळांनो, आणि नाकातलं बोट काढा. गोष्ट परदेशाची आहे.

कोंडाबाईची लेक केशर सात नद्यांपलीकडच्या जंगलात दिली होती. तिथं मोठं शहर होतं. केशर बाळंत झाली. कोंडाबाईनं झाडाझाडांचा डिंक खरवडला, मधमाश्यांकडून नाक सुजवून घेतलं आणि गाठोडंभर लाडू वळले. स्वतः एक चाखला नाही. बाळंतिणीच्या कमरेत बळ नको का भरायला?

शहराच्या वेशीवर एक हरिण उभं होतं. फाटक उघडंच होतं. हरणानं ते आधी लावलं, मग उघडलं आणि खूर पुढं केला.

"काय पाहिजे?"

"खुशी, मावशी."

"किती?"

"तुमच्या मनाला येईल ती."

कोंडाबाईच्या मनाला काहीच येईना. ती पुढं निघाली. हरणानं पाटी दाखवली : 'येथे खुशी ऐच्छिक आहे. ऐच्छिक खुशी न देणाऱ्यास आत सोडले जाणार नाही.'

तिनं अर्धा लाडू मोडून दिला.

"अर्धी खुशी? आमच्यात याला अपमान म्हणतात!"

गेला उरलेला अर्धाही.

पुढं एका करकोच्यानं न विचारता गाठोडं उचललं, चार पावलांवर ठेवलं आणि दोन लाडू मागितले.

"दोन कशाचे रे मुडद्या?"

"एक उचलण्याचा, एक ठेवण्याचा. ठेवलंच नसतं तर चाललं असतं का?"

मुंगसानं रस्ता दाखवला. रस्ता एकच होता. माकडानं विचारलं, "प्रवास कसा झाला?" ती म्हणाली, "वाईट." त्याचे तीन गेले. वाईट ऐकून घ्यायची खुशी जास्त असते म्हणे.

"अरे, आमच्याकडे वाट दाखवून कुणी हात पसरला तर त्याला वाळीत टाकतात!" कोंडाबाई कडाडली.

"म्हणून तर मागं राहिलात, मावशी," माकड म्हणालं. "इथं चाकरीचा मोबदला मालक देत नाही. पाहुणा देतो."

"मग मालक काय देतो?"

"पाटी."

असं करत केशरच्या गुहेशी पोचेपर्यंत गाठोड्यात एकच लाडू उरला. कोंडाबाईला रडू येत होतं. पण ती रडणाऱ्यातली नव्हती.

जावयानं दार उघडलं. जावई तिथलाच, चांगला शिकलेला. वाकून म्हणाला, "या, सासूबाई." आणि पंजा पुढं करून तसाच उभा राहिला.

"हे काय जावईबापू?"

"दार उघडलं ना मी. घरचं असलं तरी रीत ती रीत. तुमच्या मनाला येईल ते द्या."

आतून केशरची हाक आली, "आई, लाडू आणलेस का गं? फार भूक लागलीय."

आता मात्र कोंडाबाईच्या मनाला आलं. डाव्या पंजात लाडू घट्ट धरून तिनं उजव्या पंजानं जावयाच्या मुस्काटात एक ठेवून दिली. मग आत जाऊन लेकीला तो लाडू कणाकणानं भरवला.

जावई गाल धरून मागोमाग आला. "सासूबाई, जरा जास्तच झाली."

"असू द्या," कोंडाबाई म्हणाली. "वरची परत नको मला."

तात्पर्य : परदेशी गेल्यावर तिथली रीत पाळावी. पुढं आलेला हात रिकामा पाठवू नये. आणि देताना आपला हात अजिबात आखडता घेऊ नये.