पेनर साहेबांचा कोंडवाडा

हेडी पेनर शेळी घेऊन स्वयंपाकघरात शिरली तेव्हा तिचा बाप गार्थ सकाळची भांडी घासत होता. शेळी तपकिरी, एक कान झुकलेली, आणि माणसांच्या घरात रोजचं येणंजाणं असल्यासारखी निवांत. तिने ओट्यावरचं केळं सालासकट उचललं आणि चावत उभी राहिली.

"बाबा, हिला कोणीतरी टाकून दिलंय. गळ्यात दावं नाही, मागेपुढे माणूस नाही. रस्त्यात एकटीच उभी होती बिचारी. आपण ठेवू या ना हिला?"

गार्थच्या हातातली बशी हातातच राहिली. कॅनडातल्या गव्हाच्या मुलखातून पेनर कुटुंब कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर येऊन सहा आठवडे झाले होते, आणि त्या सहा आठवड्यांत दहा वर्षांच्या हेडीने "हो", "नाही" आणि "परत कधी जायचं?" यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. आज ती एका दमात एवढं बोलली. अशा वेळी मुलीने हत्ती आणला असता तरी गार्थने त्याला जागा करून दिली असती.

"ठेवू की," तो म्हणाला. "मालक सापडेपर्यंत. आणि मालक शोधायचीही एक पद्धत असते."

गार्थ हा पद्धतीचा माणूस. तिकडे तो शाळेत भूगोल शिकवायचा. बायकोला, म्हणजे लॉर्नाला, इथल्या मंत्रालयाने पाणीयोजनेसाठी वर्षभराच्या करारावर बोलावलं, म्हणून हा रजा टाकून मुलांना सांभाळायला आला होता. कुठलाही प्रश्न ठळक अक्षरात लिहून काढला की निम्मा सुटतो, असं त्याचं ठाम मत होतं. लॉर्ना आदल्याच दिवशी, रविवारी, बोटीने ग्रेनाडाला, मोठ्या बेटावर, बैठकांसाठी गेली होती. घरात कोरा कागद फक्त तिच्या टेबलावर सापडला. चांगला जाडजूड कागद, वर मंत्रालयाचं चिन्ह छापलेलं. गार्थने त्यावर लिहिलं:

'एक तपकिरी शेळी ताब्यात आहे. मालकाने ओळखीचा पुरावा घेऊन स्वतः यावे. जी. पेनर.'

आणि हेडीला व सहा वर्षांच्या कॉलिनला शाळेत सोडता सोडता तो कागद त्याने मिस फिलोमीनच्या दुकानाच्या दारावर चिकटवला.

आता गव्हाच्या मुलखातल्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. पण आमच्या बेटावर मका आणि तूर घरात येऊन पडली की सगळी जनावरं मोकळी सोडतात, ती थेट पावसाळ्यापर्यंत. याला आम्ही सोडणी म्हणतो. शेळ्या आपलं खातात, आपलं पितात, वाटेल तिथे झोपतात. सोडणीत उलट गळ्यात दावं असलेली शेळी दिसली तर लोक थांबून चौकशी करतात. पाऊस सुरू झाला, पेरण्या झाल्या, की मग बांधाबांध. आणि त्यानंतर जी मोकाट फिरताना सापडेल ती सरकारी कोंडवाड्यात.

"'ताब्यात आहे' म्हणजे काय?" होड्या बांधणाऱ्या कॉम्पटनने दारावरचा कागद वाचून विचारलं.

"म्हणजे कोंडवाड्यात आहे," मिस फिलोमीन म्हणाली. दुकान तिचं होतंच, पण पेनर राहत होते ते घरही तिचंच, त्यामुळे या विषयात तिच्या शब्दाला वजन होतं.

"सोडणीच्या दिवसांत कोंडवाडा?"

"वर चिन्ह कोणाचं आहे ते बघ की."

"मग आपल्याला कोणी कळवलं कसं नाही?"

"आपल्याला कधी कळवतात?"

कॉम्पटनला हे पटलं. शिवाय पेनरांच्या दारात मंत्रालयाची पांढरी जीप उभी असायची. बायको इंजिनियर आणि धडधाकट नवरा घरी भांडी घासतो, हे तर गावात कोणाला पटलेलंच नव्हतं. हा माणूस आतून काहीतरी सरकारी काम करत असणार, असं सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात धरलं होतं. कुठलं, एवढंच कळायचं बाकी होतं.

दुपारी कॉम्पटन दोरीला दोन शेळ्या बांधून पेनरांच्या दारात हजर.

"नमस्कार, मिस्टर पेनर. या दोन्ही एनोच्या. माझा भोपळ्याचा अख्खा वेल खाल्ला. घ्या ताब्यात."

"तुम्ही माझ्याकडे आणल्यात?" गार्थ भारावला.

"मग आणखी कोणाकडे नेऊ? लिहून घ्या. एनो, कोळी, खालच्या वाटेवरचा."

तासाभरात खालच्या वाटेवरचा एनो एक दांडगा काळा बोकड ओढत घेऊन आला. "हा कॉम्पटनचा. यानं अजून काही केलेलं नाही, पण करणार. चेहरा बघा त्याचा."

गार्थने चेहरा बघितला. त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. "आलाच आहात तर तुमच्या दोन शेळ्या घेऊन जा," तो म्हणाला.

"माझ्या?" एनो दोन पावलं मागे सरला. "कोण म्हणतं माझ्या? कॉम्पटन? मी तर यांना आज पहिल्यांदा बघतोय." यावर त्यातली एक शेळी त्याला ओळखून लाडाने ओरडली. एनो तिच्याकडे न बघता निघून गेला.

यामागे साधा हिशोब होता. कोंडवाड्यात जो मालक म्हणून पुढे येतो त्याला दंड बसतो. तेव्हा मालक म्हणून कोणीच येईना. पण ओळखीचे म्हणून सगळे यायला लागले. बुधवारी सकाळी मिसेस कजो एक भला मोठा नीरफणस घेऊन आली.

"पोरांसाठी आणलाय. ती पांढरी शेळी आहे ना, ती माझी नाही. पण तिला उन्हाचं चालत नाही."

"तिला आंब्याखाली बांधतो," गार्थ म्हणाला.

"देव भलं करो. आणि बाकीचं पण तुम्ही जरा बघून घ्या."

"बघतो, बघतो! काही काळजी करू नका."

मिसेस कजो सुटकेचा निःश्वास टाकून गेली आणि मिस्टर पेनर 'बघून घेणारे' आहेत, ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. मग काय, ताजे मासे आले, अंडी आली, घरची रम आली, मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या वड्या आल्या. प्रत्येकाबरोबर एकेक सूचना: ती ठिपक्याची माझी नाही, पण तिला डावीकडून दूध काढलेलं आवडतं. ते लहान करडू माझं नाही, पण रात्री त्याला आईजवळ ठेवा. आणि ज्यांची जनावरं अजून बाहेर होती ते शेजाऱ्यांची आणून देत होते. प्रत्येक गावात पंधरावीस वर्षांचे जुने वाद असतात. ते सगळे आता दोरीला बांधून येऊ लागले.

"किती चांगली माणसं आहेत," गार्थ मासा साफ करता करता मुलांना म्हणाला. "तुमची आई महिनाभर म्हणतेय, गावात कोणी दाद देत नाही. मी एक कागद लावला फक्त!"

हेडीचं लक्ष नव्हतं. तिने वही उघडली होती: रंग, शिंगं, खूण, आणणाऱ्याचं नाव, 'ज्याची नाही' त्याचं नाव. कॉलिन प्रत्येकीचं बारसं करत होता. एकीचं नाव 'सोमवार' आणि कॉम्पटनच्या बोकडाचं नाव 'मुख्याध्यापक' पडलं. शाळा सुटली की गावातली पोरं आपापल्या न‑शेळ्यांना भेटायला यायची, आणि वही हेडीच्या हातात असल्यामुळे तिच्याशी गोड बोलावंच लागायचं. कॉम्पटनची नात जोनेल तर दोन दिवस घरीच गेली नाही म्हणा ना.

"अगं, पाला असा वर धर. जमिनीवरचं ती खात नाही, शहाणी आहे," जोनेल शिकवायची.

"माझ्यापेक्षा शहाणी?" हेडी विचारायची, आणि दोघी कुंपणावर बसून इतक्या हसायच्या की आत गार्थ हातातलं काम थांबवून ऐकत राहायचा.

गुरुवारी संध्याकाळी मोजदाद झाली तेव्हा अंगणात तेवीस शेळ्या, चार मेंढ्या आणि आपणहून आलेलं एक गाढव होतं. त्याच वेळी धक्क्यावरून आलेल्या टॅक्सीतून लॉर्ना उतरली. बरोबर मंत्रालयाचे मिस्टर अलेक्सिस होते: इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. दुसऱ्या दिवशी शाळेत गावाची सभा होती. टेकडीवरच्या टाकीतून घरोघरी नळ न्यायचे, तर त्याला गावाची संमती हवी होती. मागच्या दोन सभांना मिळून पाच माणसं आली होती, त्यातला एक ऊन चुकवायला. उद्याही तसंच झालं तर योजना दुसऱ्या गावाला जाणार होती.

'मुख्याध्यापका'ने येऊन मिस्टर अलेक्सिस यांच्या बॅगेचा पट्टा तोंडात घेतला.

"गार्थ," लॉर्ना अगदी हळू म्हणाली, "हे काय आहे?"

"सापडलेल्या शेळ्या! सांगतो सगळं. आधी मासा खा, इतका ताजा..."

"एक मिनिट," मिस्टर अलेक्सिस म्हणाले. दुकानाच्या दारावरचा कागद त्यांनी येता येता काढून आणला होता. "मिस्टर पेनर, आमच्या मंत्रालयाने हा कोंडवाडा कधी उघडला?"

"कोंडवाडा? कसला कोंडवाडा?"

मग मिस्टर अलेक्सिस यांनी सोडणी म्हणजे काय ते सांगितलं. गार्थ ऐकता ऐकता पायरीवर बसला. बाहेर फिरणारी एकही शेळी हरवलेली नव्हती. अख्ख्या गावाची जनावरं त्याने भर सोडणीत, सरकारच्या नावाने, कुलपात घातली होती.

"आणि हा मासा?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"लाच," मिस्टर अलेक्सिस म्हणाले.

"नीरफणस?"

"तोही."

"गार्थ, उद्या माझी सभा आहे!" लॉर्नाचा आवाज आता हळू राहिला नव्हता. "मी घरोघर फिरले या लोकांच्या. आता कोण येणार सभेला? मंत्रालयाचं नाव काढलं तर दगड मारतील."

गार्थ पायरीवरून उठला. पद्धतीच्या माणसाला चूक कबूल करायचीही पद्धत असते. "माझी चूक, मी निस्तरतो. सभेत सगळ्यांसमोर माफी मागतो आणि सगळ्यांची जनावरं परत देतो. कागद आहे का एखादा?"

"साधा घे," लॉर्ना म्हणाली. "वहीचा."

शुक्रवारी चार वाजता शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. दीडशे माणसं आत, बाकीची खिडक्यांना लटकलेली, आणि बाहेर मैदानात जनावरांचा कालवा. हेडी आणि जोनेल दारात वही घेऊन बसल्या होत्या. गर्दी बघून लॉर्नाचे डोळे चमकले. तिने खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: एक, पाणी. दोन, शेळ्या.

"आधी शेळ्या!" मागून कोणी ओरडलं.

"आधी पाणी," लॉर्ना म्हणाली. "शेळ्या कुठे जात नाहीत. गेले चार दिवस गेल्या नाहीत."

एकच हशा पिकला. आणि मग ती बोलली. माणसं ऐकायला बसल्यावर काय बोलायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं. टाकी, उतार, नळ, कोणाच्या घराला कधी पाणी, सगळं तिने उभं केलं. लोकांनी प्रश्नही विचारले. मिस फिलोमीनने तर नळ फुटला तर कोण येणार, हे तीनदा विचारलं. फक्त कॉम्पटन हाताची घडी घालून बसला होता, कारण नळ त्याच्या भोपळ्याच्या वाफ्यातून जाणार होता आणि आधी दोनदा त्याने साफ नाही म्हटलं होतं.

"मिस्टर कॉम्पटन?" लॉर्नाने विचारलं.

"वेल पुन्हा फुटलाय," कॉम्पटन जरा विचार करून म्हणाला. "चार दिवस त्याला कोणी तोंड लावलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. पाणी मिळालं तर भोपळा धरेल." त्याने हात वर केला. एनोने तो बघितला आणि मागे राहायला नको म्हणून आपले दोन्ही हात वर केले. पाठोपाठ सगळी शाळा.

मग गार्थ उभा राहिला. "मी कोंडवाड्याचा अधिकारी नाही," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "मी भूगोलाचा मास्तर आहे. मला सोडणी माहीत नव्हती. मी तुमची माफी मागतो."

"म्हणजे दंड नाही?" मिसेस कजोने विचारलं.

"नाही."

"मग ती पांढरी माझी आहे."

"आणि मी दिलेला मासा?" एनो म्हणाला.

"तो आम्ही खाल्ला," कॉलिन म्हणाला. "छान होता."

एनो आधी हसला, मग त्याच्या शेजारचा, आणि हसणं खिडक्यांतून बाहेर गेलं. अंधार पडायच्या आत हेडीने वहीतून एकेक नाव पुकारून सगळी जनावरं परत केली. गाढवाला मालक मिळाला नाही. ते पेनरांबरोबर घरी आलं.

नळाचं काम सुरू झालं, पाऊस आला, गेला. करार संपायला महिना उरला तेव्हा मंत्रालयाचं जाड पाकीट आलं. लॉर्नाने ते उभ्याउभ्याच फोडलं. तिला मुदतवाढीची आशा होती. तिने पत्र एकदा वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं.

"काय लिहिलंय?" गार्थने विचारलं.

"माझं काम समाधानकारकरीत्या पूर्ण झालं, आभार, शुभेच्छा." तिने पान उलटलं. "आणि गावकऱ्यांनी एकशे बासष्ट सह्यांचा अर्ज केलाय. भाजीपाला वाचतो म्हणून गावाला स्वतःचा, कायमचा कोंडवाडा हवा. अधिकारी म्हणून मिस्टर गार्थ पेनरच हवेत, दुसरा कोणी चालणार नाही. दोन वर्षांची नेमणूक."

गार्थने अर्ज हातात घेतला. पहिली सही कॉम्पटनची, दुसरी एनोची. तिसरी, गोल मोठ्या अक्षरात: हेडी पेनर. आणि ती स्वतः त्या वेळी जोनेलबरोबर समुद्रावर होती.

"मी भूगोलाचा मास्तर आहे," गार्थ पुटपुटला.

"तेही लिहिलंय त्यांनी. 'भूगोलाचा असला तरी चालेल.'"

पत्राबरोबर एक अर्जाचा नमुना होता. गार्थने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि ठळक अक्षरात भरायला घेतला. नाव झालं, पत्ता झाला, मुलं दोन. मग त्याचं पेन थांबलं.

"लॉर्ना, 'सोबत राहणारी पत्नी काय करते?' असं विचारलंय. काय लिहू?"

सगळ्या गावाची पाण्याची व्यवस्था उभी करून दिलेल्या बाईने पत्राची घडी घातली.

"लिही," ती म्हणाली, "घरचं पाणी भरते."