तात्यांचा ओढा

तात्या पवारांच्या घरी गेलं की चपला दाराबाहेर काढून चालत नाही. त्या हातात धरून आत न्यायच्या आणि तात्यांच्या स्वाधीन करायच्या. तात्या त्या परातीवर उलट्या धरतात, टपाटप आपटतात, पडलेली वाळू चिमटीत घेऊन उजेडात बघतात आणि मगच "बसा" म्हणतात.

आम्ही कतारमध्ये, दोह्याजवळच्या अल वक्र्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी या तपासणीत सापडलो. शनिवार होता. वेस्ट बेच्या ऑफिसात अर्जंट काम निघालंय, असं बायकोला, वैशालीला सांगून मी मित्रांबरोबर सीलाईनला, वाळूच्या टेकड्यांवर गाडी उडवायला गेलो होतो. संध्याकाळी तात्यांनी दोघांना चहाला बोलावलं. माझे बूट परातीवर आपटले, वाळू चोळली आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "मोकाशी, सीलाईनला गेला हुता जणू! ही तिकडचीच. मऊ, गोल दाना, शिंपल्याचा चुरा न्हाई."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशीचा चहा मला अजून आठवतो, कारण त्यानंतर दोन दिवस मला चहा मिळाला नाही.

तात्या मूळचे विट्याकडचे. त्या बाजूची शेकडो माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पसरली आहेत. तात्यांचे वडीलही त्यातलेच. तिकडे दक्षिणेत सराफांच्या दुकानातला केर विकत आणायचे, धुवायचे आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे. तात्या मात्र डिप्लोमा करून कतारला आले आणि गेली अठ्ठावीस वर्षं पाइपांची वेल्डिंग तपासतात. "बापानं केर धुतला, मी वेल्डिंग बघतोय," असं सांगतात आणि स्वतःच हसतात.

पण घराण्याचा गुण उशिरा उफाळला. त्यांची एकुलती एक लेक स्वाती ऑस्ट्रेलियात नर्स आहे. तिच्या गावापासून तासाभरावर एक ओढा आहे. दीडेकशे वर्षांपूर्वी तिथं सोनं सापडलं आणि जगभरची माणसं कुदळी घेऊन धावली. सोनं संपलं, माणसं गेली, ओढा राहिला. आता सुट्टीच्या दिवशी हौशी लोक डबे बांधून येतात, पाण्यात उभे राहतात आणि पसरट ताटात गाळ धुतात. बाकी सगळे वार्षिक सुट्टीत गावी जाऊन घराला रंग देतात, लग्नं उरकतात. तात्या गेली चार वर्षं सुट्टीत त्या ओढ्यात उभे असतात.

मिळकत विचाराल, तर एक बोटाएवढी काचेची कुपी. त्यात पाणी आणि तळाशी काहीतरी. हे काहीतरी बघितल्याशिवाय त्यांच्याकडून कोणी परत जात नाही. तात्या भिंग देतात, टॉर्च लावतात.

"दिसलं?"

"कुठे?" वैशाली म्हणाली.

"हलवू नका! श्वास घेऊ नका! ते बगा, खसखशीएवढं. ते दुसऱ्या वर्साचं. आनि हे, हे मोहरीएवढं, हे स्वातीचं."

उरलेले अकरा महिने तात्या सराव करतात. वक्र्याच्या मासेमारी सामानाच्या दुकानातून गळाला लावायचे शिशाचे मणी आणायचे, कापून बारीक तुकडे करायचे, त्यांतले दहा बादलीभर वाळूत मिसळायचे आणि बाथटबमध्ये बसून हिरव्या ताटात ती वाळू धुवायची. ताट पाण्याखाली धरून डावी-उजवीकडे हलवायचं, म्हणजे जड कण खाली जातात. मग किंचित तिरकं करून वरची वाळू लाटेसरशी बाहेर सोडायची. मोबाइलवर वेळ लावलेली. दहाचे दहा तुकडे मिळाले तरच आंघोळ. एकदा सगळ्या बिल्डिंगचं पाणी तुंबलं, तेव्हा केरळचा प्लंबर पाइप उघडून बघत म्हणाला होता, "साब, इसके अंदर तो पूरा समुंदर है."

या नादातून त्यांचं एक लाडकं वाक्य तयार झालं आहे: "जड असंल ते तळाला बसतंय." हे ते कशालाही लावतात. आमटीला लावतात, माणसांना लावतात. त्यांच्या कंपनीत एक नवा मॅनेजर आला आणि सहा महिन्यांत दोन पायऱ्या वर चढला. तात्या म्हणाले, "चढनारच. वजन कुठाय त्याला?"

आम्ही सगळे त्यांना हसायचो. सकीनाआपांच्या चमकीनं आमची तोंडं बंद केली.

सकीनाआपा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. रत्नागिरीच्या, साठीच्या पुढच्या, मुलाकडे आलेल्या. थंडीतल्या एका शुक्रवारी आम्ही सगळे वक्र्याच्या समुद्रावर डबे घेऊन गेलो होतो. आपांनी कोळंबीच्या भाताचं झाकण उघडलं, वाफ नाकात गेली आणि त्यांना अशी शिंक आली की नाकातली चमकी उडाली. फिरकी सैल झालेली असावी. आम्ही वीसभर माणसं अर्धा तास रांगलो. वाळूत चमकी कुठे दिसणार?

"अम्मी, नवीन घेऊ. उद्याच घेऊ," मुलगा म्हणाला.

"नवी घेऊन काय करू? माज्या आईन् घातलेली ती नाकात," आपा म्हणाल्या आणि पदरानं नाक झाकून बसल्या. भाताला कोणी हात लावेना.

तात्या तेवढे रांगत नव्हते. ते लांब उभे राहून ओरडत होते, "कुनी हलू नका! तुडवून खाली घालताय ती!" मग जवळ येऊन त्यांनी डॉक्टरासारखं विचारलं, "आपा, शिंकताना तोंड कुटं हुतं?"

"मला काय म्हाईत? शिंकताना डोळे मिटतात ना!"

"मग पुन्यांदा शिंका."

सकीनाआपांना पुन्हा त्याच जागी बसवण्यात आलं. झाकण पुन्हा उघडलं. शिंक येईना. शेवटी तात्यांनी कुणाच्या तरी डब्यातली मिरपूड पुढे केली आणि आपा लागोपाठ चार वेळा शिंकल्या. चारही वेळा मान डावीकडे गेली. तात्यांनी डावीकडे खोलीभर जागा दोरीनं आखली, तिचे चौकोन पाडले आणि घरी जाऊन ताट, बादल्या आणि चाळण घेऊन आले.

त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत आणि शनिवारी सकाळपासून तात्या पाण्याच्या कडेला बसून वाळू धूत होते. आपांचा मुलगा आणि मी बादल्या वाहत होतो, आपा मागे चटईवर बसून बघत होत्या. बाटल्यांची झाकणं निघाली, मासेमारीचा गळ निघाला, बाहुलीचा एक डोळा निघाला. दुपारी रोज तिथं फिरायला येणारे एक वयस्कर कतारी गृहस्थ पांढऱ्याशुभ्र थोबमध्ये, म्हणजे पायघोळ झग्यात, काठी टेकत आले. आता आपल्याला इथून उठवणार, अशी माझी खात्री झाली. ते बराच वेळ ताटाकडे बघत राहिले.

"क्या ढूंढता? लूलू?" त्यांनी विचारलं. लूलू म्हणजे मोती.

मी नाकाला बोट लावून हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हमारा बाबा का बाबा समुंदर में जाता था. लूलू के वास्ते. ऐसाही बैठके देखता था." मग ते खुर्ची मागवून तिथंच बसले आणि ड्रायव्हरला पाठवून सगळ्यांसाठी करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा आणवला. तात्यांनी एकेक ताट संपवलं की ते म्हणायचे, "यल्ला, चलो, दूसरा."

साडेतीनच्या सुमारास तात्यांचा हात एकदम थांबला. ताटात चिमूटभर काळी रेती होती आणि तिच्या कडेला चमकी. तात्या ओरडले नाहीत. ताट तसंच सपाट धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर लंगडत आपांपर्यंत चालत गेले आणि त्यांच्यासमोर धरलं.

आपांनी आधी चमकी घेतली नाही. तात्यांच्या गार पडलेल्या हातांकडे बघून त्या म्हणाल्या, "बोटं बघ कशी झालीत मेल्याची!" आणि मग रडल्या.

तात्यांनी मला लांब बोलावलं. "मोकाशी, फोटो काढला न्हवं? स्वातीला धाडा. म्हनावं, दोन दिवसात काढली." मी धाडला. तासाभरानं तिकडून उत्तर म्हणून अंगठा आला. तो अंगठा तात्यांनी आठवडाभर सगळ्या वक्र्याला दाखवला.

यानंतर दोन महिन्यांनी स्वाती मैत्रिणीच्या लग्नाला भारतात निघाली होती. वाटेत दोह्यात सात तास थांबा होता. तात्यांच्या साइटवर नेमकी त्या दिवशी तपासणी, त्यामुळे सकाळी विमानतळावर तिला आणायला मी गेलो. पस्तिशीची, चटपटीत मुलगी. गाडीत बसल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुला पण ओढ्याचा भारी नाद आहे म्हणे. तात्या सांगत असतात, तू दोन मिनिटांत ताट काढतेस."

ती हसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"काका, एक सांगू? मला ते अजिबात आवडत नाही. पाणी बर्फासारखं असतं. आठवडाभर नाइट शिफ्ट करून रविवारी चिखलात वाकायचं, कंबर जाते माझी."

"मग जातेस कशाला?"

"आई होती तेव्हा आमचं सगळं बोलणं आईमार्फत चालायचं. 'तुझे बाबा असं म्हणतायत', 'तुझ्या लेकीला हे सांग.' ती गेल्यावर बाबांचा फोन आला की, 'जेवलीस का?' 'जेवले.' 'बरं.' खलास. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा महिनाभर सोफ्यावर नुसते बसून होते. काय करू म्हणून एकदा सहज त्या ओढ्यावर नेलं. तिथं खाली मान घालून ताट हलवायला लागले आणि आपणहून बोलायला लागले. आईचं, त्यांच्या लहानपणाचं, मी झाले त्या दिवसाचं. एकमेकांकडे बघायचं नसलं की त्यांना जमतं. त्यांना इतकं आवडतंय, तर मला काय, कंबर शेकता येते."

दुपारी तात्या आले. दारात बापलेक समोरासमोर उभे राहिले.

"जेवलीस का?"

"हो, वैशालीकाकूंनी वाढलं."

"बरं."

वैशाली आणि मी उगीचच खूप बोललो. चार वाजता तिला विमानतळावर सोडलं. तिनं वाकून नमस्कार केला, तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला.  परतताना ते गुडघे चोळत म्हणाले, "खरं सांगू मोकाशी? हे गुडघं आता ऱ्हात न्हाईत. डाक्टरानं गार पान्यात हुबं ऱ्हायला बंदी केलीय."

"मग यंदा नका जाऊ ओढ्यावर."

"आसं कसं? पोरीला लई नाद हाय त्याचा. एरवी फोनात डोकं घालून बसती, मला काय बोलावं सुचत न्हाई. पन तिथं पान्यात उतरली की भडाभडा बोलती बगा. अगदी तिच्या आईसारखी. तिच्या म्होरं मी अडानी दिसू नये म्हनून हिथं ह्यो समदा सराव."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो, तर दोघंही पाण्यातून सुटले असते, एकीची कंबर, एकाचे गुडघे. आणि मग दोघं एका सोफ्यावर बसले असते.

"काय म्हनत हुती गाडीत?" तात्यांनी विचारलं.

"म्हणत होती, यंदा ओढ्याला पाणी जास्त आहे."

तात्या सावरून बसले. "मग उंच गमबूट पायजेत. घ्या गाडी बाजाराकडं. हिथंच घेऊन जातो, तिच्यासाठी पन एक जोड."

मासेमारी सामानाच्या त्याच दुकानात गमबुटांची रांग होती. दुकानदारानं नंबर विचारला, तर तात्यांना स्वतःचा सांगता आला, लेकीचा नाही. ते थोडे ओशाळले. मग त्यांनी फोन लावला. ती अजून विमानात बसली नव्हती.

"स्वाते, पायाचा नंबर किती गं तुजा? ... न्हाई, गमबूट. ... आगं, ल्हानपनी तुजी आई एक नंबर मोठाच आनायची आनि म्होरं कापूस घालायची. ... आठवतंय तुला?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला थांब अशी खूण केली आणि पलीकडच्या रांगेत जाऊन जाळ्यांवरचे भाव वाचत बसलो. तात्या हातात एक गमबूट धरून, भिंतीकडे तोंड करून बोलत होते.