सतरावी तारीख आणि आळशी सूर्य यांची बखर

श्रीसमुद्र समर्थ. श्रीलोखंड त्याहून समर्थ. शके सोळाशे सोळा दुसरे. सोळानंतर जो आकडा येतो तो त्या द्राक्षांच्या राज्यात कोणी तोंडावाटे काढीत नाहीत, सबब सोळा दोनदा मोजितात. ते साली राजकन्या लविनियाबाई भर दरबारात उभी राहिली आणि पुसती जाहाली की, "सतरावी तारीख उजाडली हे समुद्रास कोण जाऊन सांगतो?" हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हे. पाठशाळेतल्या ब्रिजिदा आणि ओर्सोला या सख्यांनी पैज घातली होती की, आमच्यापुढे फुशारक्या फार मारतेस, दरबारात विचारून दाखव, नाहीतर वर्षभर आमच्या वेण्या घाल. आणि वेणी तर राजकन्येस स्वतःचीही धड येत नव्हती. मग आकडा कानी पडताच दरबारात हलकल्लोळ जाहाला. अशुभ ऐकले की लोखंडास हात लावावा ऐसा त्या राज्याचा शिरस्ता. तेव्हा सरदारांनी तरवारी धरल्या, आचाऱ्याने झारा कवटाळिला, राणीसाहेब दोरोतेआबाईंनी कमरेची किल्ली मुठीत घेतली, आणि ज्यांस काहीच गवसले नाही ते सारे दाराच्या एका कडीस झोंबले, आणि मागचे पुढच्यांस म्हणो लागले की, अहो, थोडे सरका, आम्हांसही मुलेबाळे आहेत.

राजकन्येस या सर्वांचा वीट आला होता. जन्मापासून हेच. घरांचे आकडे सोळावरून थेट अठरावर उडी मारीत. मंगळवारी आणि शुक्रवारी लग्न करू नये, प्रवासास निघू नये, आणि कारण पुसावे तर ज्योतिषी तिबाल्दो शास्त्री सांगत की, आपल्या पुरातन लिपीत सतरा लिहून अक्षरे उलटीपालटी केली तर 'मी जगलो होतो' ऐसे निघते, म्हणजे मेलोच की. आता अक्षरे उलटीपालटी करा म्हणून तुम्हांस सांगितले कोणी, ऐसे पुसता शास्त्रीबोवा पोथीचे पान उलटीत. आणि त्याउपरी तो सूर्य. मनोऱ्यावरील घड्याळात मध्यान्हीची घंटा होई तेव्हा सूर्य नुकता डोंगराआडून डोके काढी. मुली कंदील घेऊन पाठशाळेस जात, पहिल्या किरणांबरोबर जेवणाची पाने मांडली जात, भूक कोणास नसे, झोप सर्वांस असे, आणि शास्त्रीबोवांनी पोथीत लिहून ठेविले होते की, आपल्या राज्यीचा सूर्य आळशी आहे.

तर प्रश्नामागे पैजेहून मोठी गोष्ट होती. पैलतीरी नौकाविद्येची शाळा, तेथे राजकन्येची निवड जाहाली होती. गलबत वर्षातून एकदा येई. ते यंदा शुक्रवारी, सतराव्या तारखेस, सूर्य माथ्यावर येताच सुटणार, आणि पुढील वर्षी तिचे वय शाळेच्या नियमात बसणार नव्हते. महाराज एर्मान्नोराव म्हणत की दिवस बदला, आणि गलबताचा तांडेल म्हणे की वारा माझ्या बापाचा नोकर नव्हे. शेवटी त्याच दरबारात मसलत बसली. महाराज कन्येवर जीव टाकीत. ते बहुत वेळ दाढी कुरवाळीत बसले, आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"शास्त्रीबोवा, सोपे आहे. घड्याळाचे पुन्हा तेच करू. सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्या घड्याळात सायंकाळचे सहा वाजतात; आणखी दोन प्रहर पुढे सारा, की शुक्रवारचा शनिवार."

"पुन्हा?" राजकन्या म्हणाली.

महाराज खोकले. शास्त्रीबोवा छताकडे पाहो लागले. राणीसाहेबांनी कपाळास हात लाविला आणि म्हणाल्या, "बोललात ना एकदाचे." मग त्यांनीच सर्व वर्तमान निवेदिले की, तू शुक्रवारी, त्याच तारखेस, तिन्हीसांजेला जन्मलीस, आणि तुझे पहिले रडणे ऐकताच हे अनवाणी मनोऱ्यावर धावले आणि काटे ढकलून मध्यरात्र केली, की बाळ शनिवारी अठरावीस पडावे. पुढे काटे मागे घेण्याची छाती कोणाची होईना, की न जाणो, पोर पुन्हा सतरावीत जाऊन पडायची.

राजकन्येस हसू की रडू ऐसे जाहाले. म्हणजे आजवर साऱ्या गावाने काळोखात पाटी-पुस्तके वाहिली ती या कारणे, आणि ब्रिजिदास हे कळले तर ती जन्मभर सोडणार नाही. "आईसाहेब, सूर्याला बिचाऱ्याला आळशी ठरवलेत."

"सूर्याचे काय घेऊन बसलीस," राणीसाहेब किल्ली घट्ट धरून म्हणाल्या. "आम्हांस तू हवी होतीस."

मग राजकन्येने शास्त्रीबोवांस पुसले की, त्या दिवशी जन्मलेल्या मुलाचे पोथीप्रमाणे काय होते. शास्त्रीबोवांनी शेजारच्या सरदाराची तरवार चाचपली. "जगत नाही, बाईसाहेब." आणि बोलून ते तिच्याकडे पाहात राहिले, आणि सारा दरबारच तिच्याकडे पाहात राहिला, आणि कडीस लोंबणाऱ्यांपैकी एकाने कडी सोडिली.

एवंच, सूर्य आळशी नव्हता, समुद्रास तारीख कोणी सांगितली नव्हती, आणि एका बापाच्या भयापायी अवघे राज्य दोन प्रहर आधी जेवत होते. मग राजकन्येने आईच्या मुठीतली किल्ली हळूच सोडवून तो हात आपल्या हाती घेतला आणि म्हणाली, "आबासाहेब, आईसाहेब, मी शुक्रवारी, सतरावीसच निघणार. आणि त्याआधी मनोऱ्यावर चढून घड्याळ जागेवर आणणार."