सेतुरावमामांची बाळंतीण

त्या उन्हाळ्यात सेतुरावमामांनी आमच्या मिक्सरवर बंदी घातली. चटणी हवी तर पाट्यावर वाटायची, तीही "मेदुवा, मेदुवा", म्हणजे अगदी हळू.

कारण काय, तर परसातल्या माझ्या कपड्यांच्या दोरीला शिंजिराच्या मादीनं घरटं टांगलं होतं. तंजावुरात आमची घरं दोन, पण परस एकच. पलीकडच्या घरात मामा एकटे. तालुका कचेरीतून रिटायर झालेले, त्यामुळे हुकूम सोडायला आता आम्हीच उरलो होतो.

"अगे, बाळंतीण आहे ती! डिस्टर्ब नको करूंस!"

सकाळपासून छत्री घेऊन ते वेताच्या खुर्चीत बसत आणि कावळ्यांवर फिस्कारत. मी ओले कपडे खिडकीच्या गजांवर वाळत घाली. आमचे हे शर्टावर गंजाचे पट्टे मिरवीत बँकेत जात.

तेवढ्यात गल्लीत केबल आली. आमची वायर परसातून यायची होती. मामांनी छत्री रोखून केबलवाल्याला परत पाठवलं.

"मामा, मुलं रोज दुसऱ्याच्या घरी टीव्हीपुढं बसतात!" मी ओरडले.

"मग तिथंच जेवूं देत."

एकदा दुपारी शाळेतून शिकवून परतले, तर मामा भर उन्हात हात वर करून उभे. दोरीचा खिळा निसटला होता आणि टोक त्यांच्या मुठीत होतं.

"केव्हापासून उभे आहात?"

"दहापासून," ते कुजबुजले.

"हाक नाही का मारायची कुणाला?"

"पिल्लं भ्यालीं असतीं."

माझं डोकंच फिरलं. हातोडीला अर्थातच मनाई. शेवटी ते टोक मी पेरूच्या फांदीला बांधलं आणि मामांच्या दंडाला तेल चोळलं. चोळताना शंभरदा बजावलं, पुन्हा असलं काही केलंत तर घरटं उचलून तुमच्या ओसरीत टांगीन.

आठवड्यानं पिल्लं उडाली. सुटले एकदाची, म्हणत मी कपड्यांची बादली घेऊन परसात गेले. मामा खुर्चीतच होते.

"गेलीं," ते म्हणाले. "मागं वळून बघितलंसुद्धा नाहीं."

"पिल्लंच ती, मामा."

"आमचा माधव वळला होता. मद्रासला, विमानतळावर. अमेरिकेला चालला म्हणून मी रागावलेलों. मुद्दाम पाठ करून उभा राहिलों."

"मग तो वळला हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या आईनं सांगितलं. ती होती तोवर पुन्हा पुन्हा सांगायची."

बादली खाली ठेवून मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले.